कबुलीच्या पाठीमागे

दिवाळीच्या अंकासाठी दिवाळ्याचा विषय घेऊन बसलो, तेव्हा सौभाग्यवतीने कपाळाला हात लावला. सणासुदीचे दिवस, दारात आकाशकंदील, फराळाचे डबे अजून निम्मे भरायचे, आणि या मास्तरांना कर्जाचे काय सुचते? पण वाचकहो, हे दोन शब्द मी जवळ आणलेले नाहीत. जुन्या पेढ्यांवर अशी रीत होती म्हणे, की ज्या व्यापाऱ्याला देणे फेडता येईना, त्याने भर दिवसा आपल्या दुकानात दिवा लावून बसावे. उन्हात जळणारा तो दिवा पाहिला की बाजाराने समजून घ्यावे. दिवाळे निघणे हा शब्दप्रयोग त्यातूनच आला असे सांगतात. व्युत्पत्तीची हमी पंडितांनी द्यावी. मला त्या दिव्यातली एकच गोष्ट मोलाची वाटते. त्या माणसाने आपण होऊन सांगितले, आणि सगळ्या बाजारादेखत सांगितले. त्याची कबुली कुणी काढून घेतलेली नव्हती.

आज मला लिहायचे आहे ते दुसऱ्या जातीच्या कबुलीविषयी.

आमच्या दिग्रसच्या घरी माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे. तीत माझ्या खापरपणजोबांच्या वेळचे काही कागद आहेत: पाहणीचे उतारे, पट्टीच्या पावत्या, एक कुंडली आणि एका हुकुमनाम्याची नक्कल. साल १९०६. त्याच्या आदल्याच वर्षी आमच्या वणी जिल्ह्याचे नाव बदलून यवतमाळ झाले होते. नकलेचा मजकूर पुरा दहा ओळींचाही नाही. वादीने तीनशे सहा रुपयांची फिर्याद केली. प्रतिवादी जातीने हजर. प्रतिवादीस दावा कबूल. सबब उभयतांच्या संमतीने हुकुमनामा करण्यात येतो की, प्रतिवादीने दरसाल एक्कावन्न रुपयांप्रमाणे सहा हप्त्यांत रक्कम द्यावी. एक हप्ता चुकल्यास राहिलेली सर्व रक्कम एकदम वसूल व्हावी. सावकाराचे नाव मी येथे देत नाही. त्याचे वंशज भले लोक आहेत, आणि पणजोबांच्या पिढीतली भांडणे पणतवंडांच्या अंगणात आणू नयेत.

माझे आजोबा हा कागद फार क्वचित बाहेर काढीत. ते म्हणत, "अरे, कर्ज बैलजोडीचं होतं. साठ रुपये. सत्त्याण्णवच्या दुष्काळात बैल मेले, म्हणून काढलेलं." मग साठाचे तीनशे सहा कसे झाले, असे विचारले की ते म्हणत, "कोर्टात कबूल केलं ना त्यांनी! कबूल केल्यावर बोलायचं काय?"

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. कबूल केल्यावर बोलायचे काय? मी वकील नव्हे. मॅट्रिकपलीकडे माझी मजल गेलेली नाही, आणि कायद्याची पुस्तके मी कादंबरीकाराच्या चोरट्या नजरेने वाचतो, गोष्ट कुठे सापडते ते पाहण्यापुरती. पण या प्रश्नाच्या मागे लागल्यावर गोष्ट सापडली, आणि ती आमच्या ट्रंकेतून निघून पुण्याकडे सुप्याच्या बाजारात आणि तिथून थेट लंडनच्या कोर्टात गेली.

आधी हिशेब. साठाचे तीनशे सहा कसे झाले हे मी एकदा सातवीच्या वर्गात फळ्यावर मांडून पाहिले. त्या काळी दरमहा शेकडा दोन रुपये हे व्याज कोणाला भुवया उंचावण्यासारखे वाटत नसे. म्हणजे वर्षाचे चोवीस, तीन वर्षांचे बहात्तर टक्के. आता तीन वर्षेच का? तर १८५९ साली सरकारने मुदतीचा कायदा केला आणि साध्या खतावरच्या फिर्यादीला तीन वर्षांची मुदत घातली. हेतू चांगला होता. जुनीपुराणी खते उकरून कुणी कुळाला छळू नये. परिणाम असा झाला की दर तीन वर्षांनी सावकार कुळाला बोलावू लागला आणि व्याज मुद्दलात घालून नवे खत लिहून घेऊ लागला. साठाचे पहिल्या खेपेस एकशेतीन रुपये आणि वर तीन आणे. दुसऱ्या खेपेस एकशेसत्त्याहत्तर रुपये आठ आणे. तिसऱ्या खेपेस, म्हणजे १८९७ पासून नऊ वर्षांनी, तीनशे पाच रुपये पाच आणे. कागदावर तीनशे सहा आहेत. उरलेले अकरा आणे बहुधा मुद्रांकाचे असावेत. न का असेनात, त्यांची तक्रार मी करीत नाही.

पोरांना हा हिशेब फार आवडला. कारण त्यात कुठेही चोरी नाही. एकही आकडा खोटा नाही.

आणि यातली मेख पाहा. आपल्याकडे दामदुपटीचा नियम फार जुना: एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक होता कामा नये. मुंबई इलाख्यात हा नियम कोर्टे मानीत, आणि आमच्या वऱ्हाडातही मानीत. साठावर व्याज साठच, मिळून एकशेवीस. त्यापुढे एक छदाम नाही. मग दामदुपट कुठे गेली? ती प्रत्येक खेपेस जागेवरच होती. साठावर त्रेचाळीस व्याज झाले, साठाच्या आत. नवे खत झाले की त्रेचाळीस हे व्याज राहिलेच नाही, मुद्दल झाले. कारण कुळाने तसे लिहून दिले. पुढे एकशेतीनावर चौऱ्याहत्तर, पुन्हा मुद्दलाच्या आत. नियम मोडला गेला नाही. त्याला वळसा घालण्यात आला, आणि वळशाच्या प्रत्येक कोपऱ्यावर कुळाचा अंगठा होता. पुढे तर आणखी मौज. फिर्याद दाखल झाली की दामदुपटीचा नियम तिथे थांबे. पुढचे व्याज काय द्यायचे ते कोर्टाच्या मर्जीवर.

तेव्हा खापरपणजोबांनी मुनसफासमोर "कबूल" म्हटले ते खोटे नव्हते. शेवटचे खत त्यांनीच लिहून दिले होते. त्यांना विचारला गेलेला प्रश्न एवढाच होता: हे खत तुझे का? खत त्यांचेच होते. त्या खताच्या पोटात आणखी दोन खते आहेत, आणि सर्वांत आत एक मेलेली बैलजोडी आहे, हे त्यांना कुणी विचारले नाही.

हे विचारले पाहिजे, असे सरकारला एकदा वाटले होते. मात्र ते आमच्यासाठी नव्हे.

१८७४ च्या डिसेंबरात पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात करडे नावाच्या गावी काळूराम या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्यावर दीडशे रुपयांचा हुकुमनामा मिळवला आणि त्याच्या बजावणीत त्यांचे घर पाडून लाकूडफाटा गाड्यांवर घालून नेला. घर म्हणजे केवळ आसरा नव्हे. खेड्यात घर पाडणे म्हणजे माणसाला गावातून पुसून टाकणे. गावाने त्या सावकारावर बहिष्कार घातला. त्याचे शेत कोणी नांगरीना, पाणी कोणी भरीना. बहिष्काराची ही साथ आसपासच्या गावांत पसरली, आणि पुढल्या वर्षी १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात तिचा भडका उडाला. शेतकरी सावकारांच्या पेढ्यांवर गेले आणि त्यांनी खते मागितली. दिली तिथे ती जाळली. दिली नाहीत तिथे मारहाणही झाली. ते झाकण्याचे कारण नाही. पण सरकारी चौकशी आयोगालाही एक गोष्ट नमूद करावी लागली, की जमावाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर अधिक होता. पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे दंगे पसरले. इतिहासाच्या पुस्तकांत यांना दख्खनचे दंगे म्हणतात.

लोक खते का जाळीत होते याचा आम्ही मास्तर मंडळी वर्गात फार सोपा अर्थ सांगतो: कर्ज बुडवायला. आता मला तसे वाटत नाही. त्या खतांवर त्यांचेच अंगठे होते. कोर्टात ते कागद त्यांच्याच तोंडाने त्यांच्याविरुद्ध बोलत. आपली जुनी कबुली मागे घेण्याचा दुसरा कुठलाही रस्ता त्यांना ठाऊक नव्हता. म्हणून त्यांनी ती चुलीत घातली.

सावकाराची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर गोष्ट एका चाकावर चालेल. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ ते १८६५ या काळात आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. पैसा सैल होता, सावकार मागेल त्याला देत होता. युद्ध संपले, भाव कोसळले. सारा मात्र नव्या मोजणीनंतर वाढलेला. साऱ्याची तारीख टळली तर सरकार थांबत नसे, म्हणून कुळ सावकाराकडे धावे. सावकारालाही वरच्या पेढीचे देणे असे. पूर्वी गावातला सावकार गावाच्या लाजेने बांधलेला होता. १८५५ साली व्याजावरचा कायद्याचा जुना निर्बंध गेला, १८५९ साली दिवाणी कज्जांची नवी पद्धत आली. आणि त्याच्या हातात कोर्ट नावाचे हत्यार आले, ज्याला गावाची लाज ठाऊक नव्हती. समन्स निघे, कुळ घाबरून जात नसे किंवा त्याला समन्स पोचतच नसे, आणि एकतर्फी हुकुमनामा होई. गेलाच तर "खत तुझे का?" "होय." झाला हुकुमनामा.

दंग्यांची चौकशी झाली, आणि १८७९ साली दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. लागू झाला तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना. या कायद्यात चांगल्या गोष्टी पुष्कळ होत्या. पैशाच्या हुकुमनाम्यापायी शेतकऱ्याला कैदेत टाकणे बंद झाले. जी जमीन नाव घेऊन गहाण दिलेली नाही, तिची जप्ती बंद झाली. पन्नास रुपयांपासून पुढे कर्ज असलेल्या शेतकऱ्याला नादार ठरवून घेण्यासाठी अर्ज करण्याची सोय झाली. पण माझे डोळे थांबले ते त्याच्या बाराव्या कलमावर.

हे कलम न्यायाधीशाला सांगते की, समोरचे खत पाहून थांबू नकोस. व्यवहार पहिल्या दिवसापासून कसा झाला याची चौकशी कर. मध्येच "मागील सर्व हिशेब पुरा" असे लिहून घेतलेले असले तरी त्याच्या मागे जा. मुद्दल निराळे मांड, व्याज निराळे मांड, व्याजावर व्याज धरू नकोस, आणि मुद्दलापेक्षा अधिक व्याज देऊ नकोस. इथपर्यंत कोणीही शहाणा कायदा करणारा गेला असता. पुढची पायरी मात्र विलक्षण आहे. प्रतिवादीने दावा कबूल केला तरी? तरीसुद्धा न्यायाधीशाने आधी स्वतःची खात्री करून घ्यावी की ही कबुली खरी आहे, आणि सावकाराविरुद्ध आपले कायद्याने हक्क काय आहेत हे पुरते ठाऊक असून कुळाने ती दिलेली आहे. ही खात्री कशावरून झाली ते लेखी नमूद करावे. तेव्हाच चौकशीवाचून पुढे जाण्याची मुभा. आणि तेव्हाही चौकशी करावीशी वाटली तर करावी.

"होय" म्हणणाऱ्या माणसाला, "बाबा, तुला नाही म्हणता येते हे ठाऊक आहे ना?" असे विचारणारे कोर्ट! हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ ओसरीवर जाऊन बसलो.

न्यायमूर्ती रानडे १८९३ साली हायकोर्टात गेले, त्याआधी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून ते काम करीत होते. खालच्या कोर्टांची दफ्तरे तपासायची, निकाल पाहायचे, चुकले तिथे दुरुस्त करायचे, आणि यासाठी जिल्ह्या-जिल्ह्यांतून मुक्काम करीत हिंडायचे. रमाबाईंच्या आठवणींत या फिरतीचे दिवस भेटतात. आपण रानड्यांना सभांच्या व्यासपीठावर पाहतो. मला ते एखाद्या कसब्याच्या गावी, दिव्याखाली, एखाद्या कुळाच्या साठ-सत्तर रुपयांच्या हिशेबात मान घालून बसलेले दिसतात.

कायद्याचा सगळाच प्रवास सुखाचा झाला असे नाही. त्यात समेटकांची, म्हणजे तडजोड घडवून आणणाऱ्या पंचांची, एक योजना होती. फिर्यादीच्या आधी धनको-ऋणको दोघांनी त्यांच्यापुढे जावे, जमल्यास मिटवावे. जी कबुलायत होईल ती कोर्टात दाखल झाली की तिला हुकुमनाम्याचे बळ. कल्पना किती सोज्ज्वळ! पण चतुर धनकोच्या ध्यानात आले की बाराव्या कलमाची उलटतपासणी चुकवायला हीच वाट सोयीची आहे. न्यायाधीशासमोर कबुली दिली तर तो खोदून विचारणार. समेटकासमोर दिली तर कागद तयारच. अशा कबुलायतींविषयी तक्रारी होऊ लागल्या, आणि पुढे ही पद्धतच बंद करावी लागली. दुसरी पळवाट खरेदीखताची. गहाणखत लिहिले तर कोर्ट हिशेब मागते, म्हणून जमिनीचे सरळ खरेदीखत करून घ्यायचे आणि "पैसे दिलेस की परत करीन" असे तोंडी सांगायचे. तेव्हा कायद्यात नवे कलम घालून, कागदावर खरेदी असली तरी मूळ व्यवहार काय होता ते पाहण्याची कोर्टाला परवानगी द्यावी लागली. म्हणजे कायदा एक दार उघडी आणि व्यवहार दुसऱ्या दाराने निसटे. महात्मा फुल्यांनी १८८३ साली "शेतकऱ्याचा असूड" लिहून पुरा केला, तो या कायद्यानंतर चार वर्षांनी. शेतकऱ्याची दैना संपली असती तर तो असूड उगारण्याचे कारण उरले नसते.

आता वाचकांनी माझ्याबरोबर थोडे लांब यावे. सुप्याच्या बाजारात खते जळत होती, त्याच १८७५ साली लंडनमध्ये ऑन्स्लो नावाच्या तरुणाचे प्रकरण अपिलाच्या कोर्टापुढे आले. यवतमाळला वकिली करणाऱ्या एका स्नेह्याने त्याचा निवाडा मला समजावून दिला. ऑन्स्लोने वयात येण्यापूर्वी कर्ज केले होते. विलायतेतल्या १८७४ च्या कायद्याप्रमाणे अज्ञानाने काढलेले असले कर्ज मुळातच रद्दबातल. पण सावकाराने फिर्याद केली, पोराने ती लढवली नाही, आणि हुकुमनामा झाला. त्या हुकुमनाम्याच्या जोरावर सावकार दिवाळखोरीच्या कोर्टात गेला: पैसे तरी दे, नाहीतर दिवाळखोर ठर. सामान्य न्याय असा की हुकुमनामा झाला म्हणजे वाद संपला. परंतु जेम्स आणि मेलिश या न्यायाधीशांनी सांगितले की दिवाळखोरीचे कोर्ट हुकुमनाम्याच्या पाठीमागे जाऊन पाहू शकते की तिथे खरोखर देणे आहे किंवा नाही. पाहिले, देणे नव्हते, मागणी फेटाळली.

असे का? वकीलमहाशयांनी मला समजावले ते असे. साध्या दाव्यात दोघांचेच भांडण असते. तिथे एकाने मान तुकवली तर त्याचे नुकसान त्याचेच. पण दिवाळे निघाले की माणसाची सगळी चीजवस्तू सगळ्या सावकारांत वाटली जाते. तिथे एकाच्या खोट्या हुकुमनाम्याने पानात वाढून घेतले, तर दुसऱ्याचे पान उपाशी राहते. त्या दुसऱ्याने कुठे काय कबूल केले होते? शिवाय दिवाळखोर ठरणे म्हणजे नुसते पैसे जाणे नव्हे. माणसाची पतच जाते. एवढी मोठी गोष्ट नुसत्या कागदाच्या पाठपोटावर ठरवू नये.

बरे, ऑन्स्लोने निदान होकार तरी दिला नव्हता. तो गप्प राहिला इतकेच. ज्याने कोर्टात उभे राहून संमतीने हुकुमनामा करून घेतला त्याचे काय? माझ्या खापरपणजोबांचे काय? त्यांचाही दाखला निघाला. दहा वर्षांनी, १८८५ साली, लेनॉक्स नावाच्या ऋणकोचे प्रकरण आले. त्याच्यावरचा हुकुमनामा त्याच्या स्वतःच्या संमतीने झालेला होता, आणि आता तो दिवाळखोरी कोर्टाला सांगत होता की त्याच्या मुळाशी खरे देणे नाही. धनकोचे म्हणणे उघड होते: काल कबूल, आज नाकबूल? लॉर्ड ईशर यांच्या कोर्टाने ठरवले की ऋणकोने संमती दिली होती एवढ्यामुळे चौकशीचे दार बंद होत नाही. ते खुद्द ऋणकोच्या सांगण्यावरूनही उघडता येते.

हे ऐकून मला जो आनंद झाला तो वकीलमहाशयांनी फार वेळ टिकू दिला नाही. तीनच वर्षांनी, १८८८ साली, फ्लॅटाऊच्या प्रकरणात त्याच अपील कोर्टाने लगाम ओढला. मागे जाऊन पाहण्याचा अधिकार आहे याचा अर्थ दर वेळी जायलाच हवे असा नाही. काहीतरी ठोस संशयाचे कारण ऋणकोने आधी पुढे ठेवले पाहिजे. हरलेला दावा पुन्हा खेळायला ही दुसरी पटांगणे नव्हेत. आणि ते रास्तच आहे. दोन समजूतदार माणसे वकिलांच्या सल्ल्याने बसतात, तू चार सोड, मी चार सोडतो म्हणतात, कागद करतात, आणि उद्या एकाला वाटले की आपण जास्त सोडले, म्हणून तो कागद फाडू देता येत नाही. तसे झाले तर तडजोड करायला कुणी बसणारच नाही. विलायतेत आजही नियम असाच दुहेरी आहे. हुकुमनाम्यावर आधारलेली मागणीची नोटीस आली, की ती रद्द करण्याच्या अर्जात कोर्ट हुकुमनाम्याच्या मागे जात नाही. प्रत्यक्ष दिवाळखोर ठरवण्याची वेळ येते तेव्हा मात्र लबाडी, संगनमत किंवा उघड अन्याय दाखवला तर ते दार किलकिले होते.

आता पुण्याचा कायदा आणि लंडनचे निवाडे शेजारी ठेवून पाहा. पुण्याच्या कायद्याने कबुलीचा हुकुमनामा होण्यापूर्वी तिच्या मागे पाहिले. लंडनच्या कोर्टाने हुकुमनामा झाल्यावर पाहिले. १९०६ सालच्या दिग्रसला यांतले काय मिळाले? पुण्याचा कायदा आमच्याकडे नव्हता. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या हाती असला तरी १९०२ पर्यंत हैदराबादच्या निजामाकडून सोपवलेला मुलूख म्हणूनच चालला, आणि १९०३ साली मध्य प्रांताला जोडला गेला. सुप्यासारखे खते जाळायचे दंगे आमच्याकडे झाले असते, तर कदाचित आमच्याही वाट्याला बारावे कलम आले असते; हा माझा आपला मास्तरी तर्क. जमीन मात्र मुंबईच्या धर्तीवरच मोजलेली, प्रत्येक रयतेच्या नावावर लावलेली, म्हणून विकता आणि गहाण टाकता येण्याजोगी होती. कापूस होता, बाजार होता, खते होती, मुनसफ होता. "बाबा, तुला नाही म्हणता येते ना?" हा प्रश्न तेवढा नव्हता.

पुढचा इतिहास मी भरभर सांगतो. १९०७ आणि मग १९२० साली मुंबई, कलकत्ता, मद्रास सोडून बाकीच्या मुलखासाठी नादारीचे कायदे झाले. १९१८ च्या जबर व्याजाच्या कायद्याने कोर्टांना जुने हिशेब उघडायची परवानगी दिली, पण त्याच दमात बजावले की कोणत्याही कोर्टाच्या हुकुमनाम्याला धक्का लागता कामा नये. म्हणजे कबुलीचा एकदा हुकुमनामा झाला की ती पुन्हा कुलपात. मध्य प्रांतात १९३३ साली कर्ज-समेटाचा आणि १९३९ साली मध्य प्रांत व वऱ्हाडासाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. स्वातंत्र्यानंतर, १९७६ साली दिवाणी संहितेत दुरुस्ती झाली: तडजोड लेखी हवी, तिच्यावर पक्षकारांच्या सह्या हव्यात, आणि तडजोडीचा हुकुमनामा बेकायदा तडजोडीवर झाला असे म्हणत नवा दावा लावता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली पुष्पादेवी भगत यांच्या प्रकरणात हे स्पष्ट केले, की ज्याला अशी तडजोड खोटी वाटते त्याने ज्या कोर्टाने ती नोंदवली त्याच कोर्टाकडे जावे. दुसरे दार नाही.

पण नादारीच्या कायद्यात मात्र एक फट ठेवलेली आहे, आणि ती मला फार जिव्हाळ्याची वाटते. १९७८ च्या दुरुस्तीने अशी सोय झाली की हुकुमनामा मिळवलेला धनको ऋणकोला नादारीची नोटीस देऊ शकतो: निदान महिन्याभराची मुदत, पैसे दे, नाहीतर नादारीला सामोरा जा. ती नोटीस रद्द करून मागण्याची कारणे कायद्यातच लिहिली आहेत. एक, धनकोकडूनच आपले तितके किंवा अधिक येणे आहे आणि मूळ दाव्यात ते कायद्याने मांडता येत नव्हते. दुसरे, कर्जनिवारणाच्या एखाद्या कायद्याखाली हा हुकुमनामाच रद्द करून घेण्याचा आपल्याला हक्क आहे, आणि तसा अर्ज केलेला आहे किंवा त्याची मुदत अजून गेलेली नाही. तिसरे, अशा कायद्यामुळे तो हुकुमनामा बजावताच येत नाही. सुप्याच्या बाजारातल्या धुराचा वास या ओळींना येतो, असे मी म्हटले तर वकीलमहाशय हसतात. २०१६ साली दिवाळखोरीची नवी संहिता झाली खरी. पण तिच्यातला व्यक्तींविषयीचा भाग २०१९ साली लागू करण्यात आला तो कंपन्यांना जामीन राहिलेल्यांपुरता. त्यामुळे दिग्रसच्या साध्या माणसाला अजून १९२० चाच कायदा पाहावा लागतो. आणि सावकारीपुरते बोलायचे तर महाराष्ट्राच्या २०१४ च्या कायद्याने जिल्हा निबंधकाला पंधरा वर्षे मागे जाऊन पाहण्याचा अधिकार दिला आहे, की हे खरेदीखत म्हणजे खरी विक्री होती की सावकारीच्या व्यवहारात लाटलेली जमीन. लाटलेली ठरली तर ती परत द्यायची. दख्खनच्या त्या जुन्या कलमाचीच ही नात म्हणायची.

गेल्या उन्हाळ्यात घर रंगवायला काढले तेव्हा ट्रंक पुन्हा खाली आली. मी ती नक्कल उजेडात नेऊन नीट वाचली. इतकी वर्षे मी तिची पुढचीच बाजू पाहत होतो. मागे, बोरूने, बारीक अक्षरात तीन नोंदी आहेत: हप्ता पहिला, रुपये एक्कावन्न, पावले. हप्ता दुसरा, रुपये एक्कावन्न, पावले. हप्ता तिसरा, रुपये एक्कावन्न, पावले. चौथी नोंद नाही. चौथ्या वर्षी शेत गेले, हे आजोबांनी सांगितलेलेच होते.

पेन्सिल हातात होतीच, म्हणून त्याच कागदाच्या कडेला बेरीज केली. एकशे त्रेपन्न झाले. साठावर साठ व्याज धरले तर दामदुपटीने एकशेवीसच होतात.